धागा: १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४४ – कारखान्यातल्या जुन्या पेट्या कुठून तपासायला घ्याव्यात?

खाडीकिनारा | सोमवार, सकाळी ९:१०

रबाळे एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्याची यादी समोर आहे:

१४ एआरएम प्रोसेसरचे गेटवे, ३२ बिट लिनक्सवर. यंत्रांचं रीडिंग घेऊन सर्व्हरला पाठवतात.
२ सीसीटीव्ही डीव्हीआर (फुटेज साठवणारे रेकॉर्डर).
१ हजेरीचं बायोमेट्रिक.
३ पीसी, विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेले.
१ सर्व्हर, ६४ बिट लिनक्स, त्यावर मायएसक्यूएल डेटाबेस.

शीर्षकातल्या क्षणी ३२ बिट मशीनमधला वेळेचा आकडा भरतो आणि तारीख उलटते. अशा ठिकाणी एकदा बसवलेली पेटी पंधरा वर्षं कुणी हलवत नाही, म्हणून प्रश्न आजच विचारतोय. नेमकं काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने? ‘ओएस अपडेट करा’ एवढंच उत्तर नको. तारखा कुठे साठतात आणि कुठे तुटतात ते हवं आहे.

पाचतीस | सोमवार, सकाळी ९:४८

आधी आकडा. युनिक्स घराण्यातल्या सिस्टीम १ जानेवारी १९७०, ००:०० यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) पासूनचे सेकंद मोजतात. ३२ बिटच्या चिन्हासहित (अधिक-उणे दोन्ही ठेवणाऱ्या) खान्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात. तो क्षण म्हणजे १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७ यूटीसी. आपल्याकडे मंगळवार, सकाळी ८:४४:०७. पुढच्या सेकंदाला चिन्हाचा बिट उलटतो आणि तारीख १३ डिसेंबर १९०१, २०:४५:५२ यूटीसी होते.

भारतीय टाइमझोन लावलेल्या मशीनवर हीच तारीख १४ डिसेंबर १९०१, ०२:०७:०२ अशी दिसते. साडेपाच तास मिळवले तर ०२:१५:५२ यायला हवं, मग ही नऊएक मिनिटं गेली कुठे? झोनच्या डेटाबेसमध्ये १९०६ च्या आधी आपल्यासाठी मद्रास वेळ आहे, ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. लॉगमध्ये हा विचित्र आकडा दिसला तर मेमरी खराब झाली म्हणून रॅम बदलत बसू नका.

आता तुमचा प्रश्न. मशीनमध्ये तारीख एकाच जागी नसते. घड्याळाची चिप, कर्नल (ओएसचा गाभा), सी लायब्ररी (प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यातला दुवा), फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत), प्रोग्रॅम, डेटाबेस, नेटवर्कचा प्रोटोकॉल, प्रत्येकाचं भांडं वेगळ्या मापाचं. सगळ्यात लहान भांडं भरलं की मशीन अडकलं. म्हणून यादी पेटीनिहाय करू नका, प्रत्येक पेटीसमोर हे सात रकाने आखा.

लिनक्सपुरते महत्त्वाचे टप्पे: ३२ बिट मशीनवर ६४ बिट वेळ कर्नल ५.६ पासून (मार्च २०२०). मसल या सी लायब्ररीत १.२.० पासून आपोआप. जीलिबसी या दुसऱ्या सी लायब्ररीत २.३४ पासून (ऑगस्ट २०२१), पण तिथे प्रोग्रॅम कंपाइल करताना टाइम-बिट्स ६४ आणि फाइल-ऑफसेट-बिट्स ६४ अशा दोन्ही व्याख्या द्याव्या लागतात. नुसती लायब्ररी नवी टाकून जुना प्रोग्रॅम सुधारत नाही, तो ३२ बिटच मागतो.

सानपाडा_सी | सोमवार, सकाळी १०:२०

+१. त्यात एक खोच. एक लायब्ररी ३२ बिट वेळेने बांधलेली आणि तिला बोलावणारा प्रोग्रॅम ६४ बिटने, असं झालं की स्ट्रक्चरचा (एकत्र ठेवलेल्या आकड्यांच्या गठ्ठ्याचा) आकारच जुळत नाही. मग तारीखच काय, शेजारचे आकडेही कचरा होतात. डेबियन या लिनक्सच्या वितरणाला याच कारणाने वेळेशी संबंध येणारी सगळी लायब्ररी पॅकेजेस एकत्र नव्याने बांधावी लागली. डेबियन १३ मध्ये (ऑगस्ट २०२५) ३२ बिट एआरएम ६४ बिट वेळेवर गेलं. ३२ बिट इंटेल मात्र मुद्दाम जुन्याच वेळेवर ठेवलं आहे, कारण जुने बायनरी (कंपाइल झालेले प्रोग्रॅम) चालवण्यापलीकडे त्याचा आता फारसा उपयोग नाही.

गेटवेवर ‘यूनेम -एम’ टाकून समाधान मानू नका, तो फक्त कर्नल सांगतो. कर्नल ६४ बिट आणि वरचं सगळं ३२ बिट अशा पेट्या सर्रास असतात. ‘गेटकॉन्फ लाँग-बिट’ टाका. ३२ आलं तर वरचा पसारा ३२ बिटचा. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगनेच टाका.)

विंडोजच्या सी प्रोग्रॅमांसाठी: तिथे ‘लाँग’ (पूर्णांकाचा एक प्रकार) ६४ बिट विंडोजवरही ३२ बिटचाच असतो. व्हिज्युअल स्टुडिओ २००५ पासून टाइम-टी (सीमधला वेळेचा प्रकार) ६४ बिटचा झाला, पण कुणी तो ‘लाँग’मध्ये कोंबला असेल तर मेहनत पाण्यात. कोडमध्ये हे शोधायला तासभर पुरतो, ग्राहकाकडे जाऊन शोधायला आठवडा.

वागळे_सर्किट | सोमवार, सकाळी ११:०५

घड्याळाच्या चिपबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी.

पीसीत आणि बहुतेक पेट्यांत ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल असतो. २ चा १५ वा घात, म्हणून पंधरा वेळा अर्धा केला की बरोबर एक सेकंद. साधा क्रिस्टल २० पीपीएमचा (दहा लाखांत २० चा फरक) धरला तर दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळपास ५२ सेकंद सरकतो. डीएस१३०७ ही घड्याळाची चिप लावलेल्या पेट्यांत हाच प्रकार, क्रिस्टल बाहेरचा. डीएस३२३१ मध्ये क्रिस्टल आतच असतो आणि तापमानाप्रमाणे दुरुस्तीही होते. ० ते ४० अंशांत २ पीपीएम, म्हणजे वर्षाला मिनिटभर. दोघांचा आयस्क्वेअरसी (चिपा जोडणारी दोन तारांची पद्धत) पत्ता एकच (६८ हेक्स), आणि पहिली सात रजिस्टरं (आतले खाने) जवळपास तशीच, त्यामुळे साध्या वेळ वाचण्यापुरता ड्रायव्हर सहसा तोच चालतो. पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात पेटीच्या आत सहज पन्नास अंश होतात. तिथे फरक कळतो.

या चिपा सेकंद मोजत नाहीत. वर्ष, महिना, दिवस असे दोन-दोन दशमान आकड्यांत ठेवतात. वर्षाला ०० ते ९९ एवढीच जागा. म्हणजे २०३८ ला चिप बिचारी व्यवस्थित ३८ दाखवत राहील, मागचं ‘२०’ ड्रायव्हर लावतो. चिप चुकणार २१०० मध्ये: चारने भाग जातो म्हणून ती २९ फेब्रुवारी धरेल, पण २१०० लीप वर्ष नाही.

सेल: सीआर२०३२, नवा ३ व्होल्टच्या थोडा वर. २.७ च्या खाली गेला की बदला. मीटर लावताना पेटीची वीज बंद करूनच मोजा, नाहीतर सप्लायमधून आलेलं व्होल्टेज दिसतं आणि सेल धडधाकट वाटतो.

तलावपाळी | सोमवार, सकाळी ११:१७

वाचनखूण साठवली. त्या तीन पीसींचा मात्र वेगळाच रोग असणार, लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे?

पाचतीस | सोमवार, सकाळी ११:३१

हो ताई, तोच. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी. लिनक्सने बंद होताना १०:०० च्या जागी ०४:३० लिहिलं की विंडोज तेच खरं मानतं. विंडोजला वळवा, लिनक्सला नको: रजिस्ट्रीत लोकल मशीन, सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइमझोन इन्फर्मेशन इथे ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ नावाची डीवर्ड (३२ बिट आकडा) किंमत १ करा. लिनक्सवर ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ०’. मग एकदा नेटवरून वेळ मिळवून दोन्हीकडे रीस्टार्ट.

ऐरावत_ऐरोली | सोमवार, दुपारी १२:४०

खाडीकिनारा, यादी हातात घेऊन फिरण्याआधी एक गोष्ट शिकून घ्या: चुकलेली तारीखच बहुतेक वेळा गुन्हेगाराचं नाव सांगते. हे कागदावर उतरवून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

१ जानेवारी १९७०, सकाळी ५:३० – युनिक्स वेळ शून्य. किंमत भरलीच गेली नाही. पहाटेची ५:३० ही वेळ आपल्याकडचीच खूण. अमेरिकेत याच शून्याला ३१ डिसेंबर १९६९ दिसतो.
१ जानेवारी १९७०, ५:२९:५९ – उणे एक. कुठल्यातरी फंक्शनने ‘चूक’ म्हणून –१ दिला आणि पुढच्याने ती तारीख समजून छापली.
२० जानेवारी १९७०च्या आसपास – सेकंदांची किंमत मिलिसेकंद समजून वाचली. सध्याचे सेकंद दहा अंकी, मिलिसेकंद तेरा अंकी. अंक मोजले की झालं. उलटी चूक असेल तर वर्ष पंचावन्न हजारांच्या पुढे जातं.
१ जानेवारी १६०१ – विंडोजचा शून्य. विंडोज तिथून १०० नॅनोसेकंदांचे तुकडे ६४ बिटमध्ये मोजतं. युनिक्स आणि त्याच्यात ११,६४४,४७३,६०० सेकंदांचा फरक.
१ जानेवारी १९८० – फॅट (पेन ड्राइव्हवरची जुनी फाइल सिस्टीम) किंवा जुन्या बायोसचा (मदरबोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) पाया.
३० डिसेंबर १८९९ – मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस किंवा ओएलई पद्धतीची रिकामी तारीख.
१ जानेवारी १९०४ – व्हिडिओ फाइलच्या आतली माहिती, क्विकटाइम घराण्याचा शून्य.
१ जानेवारी २००० – सेल संपला, चिप नव्याने सुरू झाली.
७ फेब्रुवारी २१०६, सकाळी ११:५८:१५ – ३२ बिट बिनचिन्ह खान्यातले सगळे बिट १.
तारीख बरोबर १०२४ आठवडे, म्हणजे १९ वर्षं साडेसात महिन्यांनी मागे – जीपीएसवरून वेळ घेणारं जुनं मॉड्यूल. आठवड्याचा आकडा दहा बिटचा. तो ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ ला शून्यावर आला, पुढची पाळी नोव्हेंबर २०३८. म्हणजे त्या वर्षी जानेवारीतून वाचलेली पेटी नोव्हेंबरमध्येही अडकू शकते.

घोडबंदर_४० | सोमवार, दुपारी १:१५

अजून पुष्कळ वेळ आहे हो. तोपर्यंत या पेट्या भंगारात जातील. २००० सालीही असाच गाजावाजा झाला होता.

ऐरावत_ऐरोली | सोमवार, दुपारी १:५२

असहमत. पुढच्या तारखा आजच साठतात. घोडबंदर रोडवर फ्लॅटसाठी २० वर्षांचं कर्ज जानेवारी २०१८ नंतर घेतलं असेल तर हप्त्यांचं वेळापत्रक २०३८ ओलांडतं. ज्या प्रोग्रॅममध्ये हप्त्याची तारीख ३२ बिट सेकंदांत आहे, तो केव्हाच चुकायला लागला आहे. तीच गत लांब मुदतीच्या प्रमाणपत्रांची (सुरक्षित जोडणीत ओळख पटवणाऱ्या फाइलींची): गेटवेसाठी कुणी २५ वर्षांचं स्वतःचं प्रमाणपत्र बनवलं आणि पेटी ३२ बिट असेल, तर संपण्याची तारीख १९०१-१० च्या गावात जाऊ शकते आणि पेटी ‘मुदत संपली’ म्हणून जोडणीच नाकारते. २००० ला फारसं काही झालं नाही, कारण आधी दोन-तीन वर्षं लोकांनी कोडमध्ये बसून कामं केली.

सानपाडा_सी | सोमवार, दुपारी २:३०

२०३८ च्या आधी २०३० आहे. बायोमेट्रिकवाल्या यंत्रातून निघणाऱ्या सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या फाइलीत) वर्ष दोन अंकी असतं का बघा. एक्सेल ०० ते २९ ला २०००–२०२९ धरतं आणि ३० ते ९९ ला १९३०–१९९९. म्हणजे १ जानेवारी २०३० ची हजेरी १९३० ची होणार. ही सीमा विंडोजच्या रीजन सेटिंगमधून, तारखेच्या टॅबवरून बदलते. जुन्या मशीनवर २०२९ दिसेल. पगारपत्रक करणाऱ्या प्रत्येक मशीनवर बदलावं लागेल, त्यापेक्षा यंत्रातून चार अंकी वर्ष काढा. पायथनमध्ये दोन अंकी वर्षाची सीमा ६८/६९ वर आहे. म्हणजे एकच फाइल दोन प्रोग्रॅममध्ये दोन शतकांत वाचली जाईल.

कोपरी_रूट | सोमवार, दुपारी ४:०५

फाइल सिस्टीम.

ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीममध्ये मर्यादा आयनोडच्या (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीच्या) आकारावर आहे. २५६ बाइटचा आयनोड असेल तर जादाच्या खान्यात ३० बिट नॅनोसेकंदांना आणि उरलेले २ बिट वर्षं वाढवायला. मे २४४६ पर्यंत निभतं. १२८ बाइटचा असेल तर २०३८. आणि गंमत अशी की मोठ्या डिस्क सहसा ठीक असतात, अडचण लहान पार्टिशनची. ई-टू-एफएस-प्रॉग्स (फॉरमॅट करणारी साधनं) १.४६.४ च्या आधी ५१२ एमबीपेक्षा लहान पार्टिशन फॉरमॅट केलं की आपोआप १२८ चा आयनोड मिळायचा. बूटचं पार्टिशन, गेटवेचं कॉन्फिगचं पार्टिशन नेमकं याच मापाचं.

पाहायचं कसं: ‘ट्यून-टू-एफएस -एल’ आणि पुढे पार्टिशनचं नाव. ‘आयनोड साइझ’ची ओळ वाचा. कर्नल ५.४ पासून माउंट होताना (पार्टिशन सिस्टीमला जोडलं जाताना) कर्नल स्वतःच लॉगमध्ये लिहितो की ही फाइल सिस्टीम २०३८ पर्यंतच्याच वेळा ठेवते, त्यामुळे डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) २०३८ शोधलं तरी पुरे. बदलायला ‘ट्यून-टू-एफएस’चा ‘-आय २५६’ (कॅपिटल आय) हा पर्याय आहे खरा, पण फ्लेक्स-बीजी सुविधा चालू असेल तर तो नकार देतो, आणि ती बहुतेक ठिकाणी चालू असतेच. सरळ मार्ग: बॅकअप, नव्याने फॉरमॅट, परत कॉपी. यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदलतो, एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ती फाइल) दुरुस्त करायला विसरू नका, नाहीतर पेटी उठणार नाही.

हातानेही करून बघता येतं. २० जानेवारी २०३८ ची तारीख ‘टच -डी’ने एका रिकाम्या फाइलला द्या, पार्टिशन अनमाउंट करून परत माउंट करा, मग यादी बघा. नवा कर्नल आणि लहान आयनोड असेल तर तारीख १९ जानेवारीला, ८:४४:०७ वर अडवलेली दिसेल. जुना कर्नल असेल तर अनमाउंटच्या आधी अगदी बरोबर दिसते आणि नंतर १९०१. माउंट करण्याची पायरी गाळली तर परीक्षा फसवी होते.

एक्सएफएस ही लिनक्सची दुसरी फाइल सिस्टीम: कर्नल ५.१० पासून ‘बिगटाइम’ आहे, मर्यादा २४८६. ‘एक्सएफएस-इन्फो’त बिगटाइम १ आहे का पाहा, ० असेल तर अनमाउंट करून ‘एक्सएफएस-ॲडमिन’ने चालू करता येतं. फॉरमॅटची गरज नाही.

फॅट: वर्षाला ७ बिट, १९८० पासून, म्हणून २१०७. महिना ४, दिवस ५, तास ५, मिनिटं ६, सेकंदाला उरले ५, त्यामुळे दोन-दोन सेकंदांच्या उड्या. डीव्हीआरमधून पेन ड्राइव्हवर काढलेल्या फुटेजच्या फाइलची वेळ कायम सम सेकंदाची का, याचं उत्तर हे. शिवाय फॅटमध्ये स्थानिक वेळ जाते, झोनशिवाय. यूटीसीवर लावलेल्या सर्व्हरला तीच फाइल साडेपाच तास पुढची वाटते. पोलिसांना फुटेज देताना फाइलच्या तारखेवर जाऊ नका, चित्रावर उमटलेली वेळ आणि त्या क्षणी डीव्हीआर किती मागेपुढे होता, दोन्ही लिहून द्या.

आणि तो ६४ बिट सर्व्हर निर्धास्त सोडू नका. ‘लास्ट’ आणि ‘हू’ लॉगिनच्या ज्या नोंदी वाचतात त्या यूटेम्प आणि डब्ल्यूटेम्प फाइलींत ६४ बिट इंटेलवरही वेळेचा खाना ३२ बिटचाच आहे, जुन्या प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून. डेबियन १३ त्यासाठीच डब्ल्यूटेम्पडीबी आणि लास्टलॉग२ वर गेलं.

खाडीकिनारा | सोमवार, संध्याकाळी ६:२०

हे सोनं आहे. गेटवेत ६४ एमबीचं कॉन्फिगचं पार्टिशन आहे, आयनोड १२८. मायएसक्यूएलमध्ये रीडिंगच्या टेबलला ‘टाइमस्टॅम्प’ रकाना आहे, ओळी बऱ्याच. सरळ ‘डेटटाइम’ करू का?

मुलुंडचेकनाका | सोमवार, रात्री ८:१०

करा, पण रकाना बदलायची कमांड टाकण्याआधी थांबा. टाइमस्टॅम्प आत यूटीसीत साठतो, दाखवताना सेशनच्या (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या) झोनमध्ये बदलतो. डेटटाइम जसा दिला तसा राहतो. रकाना बदलताना सेशनचा जो झोन असेल त्यातली वेळ कायमची गोठते. सर्व्हर यूटीसीवर असेल आणि तुम्ही झोन न लावता बदल केला, तर सगळी जुनी रीडिंग साडेपाच तास मागे जातील आणि नवी बरोबर येतील. त्यामुळे:

१. बॅकअप. दहा ओळींच्या वेळा कागदावर.
२. ठरवा: पुढे यूटीसी ठेवायची की भारतीय. मला यूटीसी बरी वाटते. कागदावर लिहा.
३. त्याच सेशनमध्ये टाइमझोन लावा, +००:०० किंवा +०५:३०.
४. मग रकाना बदला. प्रकार बदलताना पूर्ण टेबलची नक्कल होते आणि तोवर लिहिणं बंद असतं. डिस्कवर टेबलएवढी मोकळी जागा हवी. यंत्रं बंद असतील अशी पाळी निवडा.
५. त्याच दहा ओळी ताडून पाहा.

जागा: टाइमस्टॅम्प ४ बाइट, डेटटाइम ५ बाइट. फार फरक नाही. ८.०.२८ पासून फ्रॉम-युनिक्सटाइमसारखी फंक्शनं २०३८ च्या पुढे जातात, त्यावरून लोकांना वाटतं की प्रकारही सुधारला. टाइमस्टॅम्प रकाना होता तिथेच, २०३८ वर आहे. स्ट्रिक्ट मोड (चुकीची किंमत नाकारणारं सेटिंग) बंद असेल तर २०३८ नंतरची तारीख एरर न देता सगळ्या शून्यांची होऊन बसते. हे जास्त वाईट.

पाचतीस | मंगळवार, सकाळी ८:५५

नेटवर्कची वेळ राहिली. सर्व्हरवर क्रोनी (नेटवरून वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) लावा. ‘समय१’ आणि ‘समय२’ हे एनआयसीचे (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे), शिवाय दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा, असे सर्व्हर द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशातही हेच दोन स्रोत आहेत. गेटवेंनी बाहेर जाऊ नये, कारखान्यातल्या या एका सर्व्हरलाच विचारावं. ‘मेकस्टेप १.० ३’ ठेवा: पहिल्या तीन वेळा एक सेकंदापेक्षा जास्त फरक दिसला तर घड्याळ उडी मारेल, नंतर हळूहळू सरकेल. ‘आरटीसीसिंक’ असेल तर चिपही जुळत राहते.

पावसाळ्यात वीज गेली-आली की एक गाठ बसते. सेल नसलेली पेटी १९७० ला उठते, सर्व्हरचं नाव शोधायला डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) लागतं, डीएनएसची सही तपासणी चालू असेल तर तिला बरोबर तारीख लागते. तारीख मिळायला नाव हवं, नाव मिळायला तारीख. गेटवेला वेळेच्या सर्व्हरचा आयपी आकड्यातच द्या.

एनटीपीचा (नेटवरून वेळ मिळवायच्या प्रोटोकॉलचा) स्वतःचा गुंडाळा (आकडा भरून शून्यावर येणं) आधी येतो: १९०० पासूनचे ३२ बिट बिनचिन्ह सेकंद, ७ फेब्रुवारी २०३६, गुरुवारी सकाळी ११:५८:१६ ला शून्य. गेटवेच्या फर्मवेअरमध्ये २२०८९८८८०० हा आकडा वजा केलेला शोधा. ३२ बिट बिनचिन्ह खान्यात ही वजाबाकी शून्यातूनही गुंडाळून २०८५९७८४९६ देते, म्हणजे बरोबर वेळ. कुणी ‘२०३८ साठी’ तोच आकडा ६४ बिटमध्ये नेला आणि युगाचा (आकडा कितव्यांदा गुंडाळला याचा) विचार केला नाही, तर उत्तर उणे येतं आणि पेटी १९०० ला जाते. सुधारणेनेच बिघडलेला कोड.

तलावपाळी | मंगळवार, सकाळी ९:३०

आणि चालू सर्व्हरवर तारीख २०३८ करून बघू नये, बरोबर?

सानपाडा_सी | मंगळवार, सकाळी १०:०२

मुळीच नको. जुने बॅकअप ‘मुदत संपली’ म्हणून पुसले जातात, लायसन्स संपतात, प्रमाणपत्रं नाकारली जातात, आणि तारीख परत आणली तरी भविष्यातल्या नोंदी डेटाबेसमध्ये राहतात. नेटवर्क तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनवर करा. एनटीपी बंद आणि होस्टकडून वेळ घेणंही बंद, नाहीतर मिनिटभरात तारीख परत येते आणि ‘पास झालं’ असं वाटतं. एकाच प्रोग्रॅमला फसवायचं तर लिबफेकटाइम (खोटी वेळ सांगणारी लायब्ररी) आहे, पण स्टॅटिक (लायब्ररी आतच घेऊन) बांधलेल्या आणि गो भाषेतल्या प्रोग्रॅमवर तो चालत नाही, कारण ते सी लायब्ररीला विचारतच नाहीत. घड्याळ ८:४० ला लावा आणि दहा मिनिटं चालू द्या. सीमा ओलांडताना काय होतं आणि ओलांडल्यावर रीस्टार्ट केलं तर काय होतं, या दोन परीक्षा वेगळ्या.

अवांतर: लिनक्सचा आतला टिकटिक मोजणारा आकडा बूटच्या वेळी मुद्दाम उणे पाच मिनिटांवर ठेवतात, म्हणजे ३२ बिट मशीनवर तो पाचव्या मिनिटाला गुंडाळतो आणि ड्रायव्हरमधली चूक टेबलावरच पकडली जाते. विंडोज ९५ मध्ये मिलिसेकंदांचा असाच ३२ बिट आकडा ४९.७ दिवसांनी भरायचा आणि मशीन लटकायचं. दोन रीडिंगमधलं अंतर मोजायला भिंतीवरचं घड्याळ वापरू नका, मोनोटोनिक (कधीच मागे न जाणारं) वापरा, हे त्याच माळेतलं.

वागळे_सर्किट | मंगळवार, सकाळी ११:४०

डीव्हीआरला टर्मिनल मिळणार नाही. मेनूत तारीख हाताने वाढवून पाहा. वर्ष २०३७ वर थांबत असेल तर बनवणाऱ्यालाच ठाऊक आहे. पण आधी डिस्क काढून ठेवा, कोरी डिस्क लावून करा. तारीख पुढे नेली की कित्येक डीव्हीआर जुनं फुटेज मुदतीबाहेरचं मानून पुसतात.

खाडीकिनारा | मंगळवार, दुपारी १२:१५

डिस्क काढून वर्ष वाढवलं. पहिला २०३७ वर थांबला, दुसरा २०९९ पर्यंत जातो. आता गेटवेंचं गेटकॉन्फ चालू आहे. चौदापैकी नऊ झाले, नऊही ३२.